ई.जी. खोडून आय.ई.

अक्का माझी आत्या. पण आत्या हा शब्द मी तिच्यासाठी कधी वापरला नाही. अण्णा, म्हणजे माझे वडील, तिच्याहून बरेच लहान. ते तिला अक्का म्हणत, म्हणून आईही अक्का म्हणे, जुन्या हुबळीतल्या आमच्या गल्लीतले कानडी शेजारीही अक्काच म्हणत, आणि मीही तेच उचललं. धारवाडला मुलींच्या एका शाळेत ती इंग्रजी शिकवायची आणि मळमड्डीत गंगव्वा नावाच्या बाईंच्या घरामागच्या दोन खोल्यांत एकटी राहायची. मला कॉलेजात घालायचं ठरलं तेव्हा प्रश्न आला जाण्यायेण्याचा. हुबळी-धारवाड काही लांब नाही, बसगाड्याही भरपूर, पण अण्णांनी एका वाक्यात विषय संपवला, "मुलगी रोज बसनं जाणार नाही." मग आईनंच सुचवलं, वसूला अक्काकडे ठेवू या की, तिलाही सोबत होईल. अशी मी एक ट्रंक, एक वळकटी आणि स्टीलचा एक मोठा डबा घेऊन मळमड्डीत आले. अण्णांचं भांड्यांचं दुकान होतं, त्यामुळे आमच्या नात्यात कोणी कुठे राहायला गेलं की त्याच्याबरोबर एखादं भांडं जायचंच.

त्या दोन खोल्या आता नाहीत. परवा रिक्षानं त्या बाजूनं गेले तर त्या जागी तीन मजली इमारत आणि खाली स्कूटरींची रांग. वरच्या गॅलरीत कुणाच्या तरी पोरांचे टॉवेल वाळत होते. पण माझ्या कानांना ती जागा अजून ओळखीची आहे. सकाळी जाग यायची ती गंगव्वा परातीत भाकरी थापायच्या त्या आवाजानं. भिंत एकच, त्यामुळे थाप त्यांच्या स्वयंपाकघरात पडली की आमच्या उशीखाली यायची. मग त्यांची हाक, "एद्दियेन वसू?", उठलीस का म्हणून. मी उठले नसले तरी "हौद्री", हो, म्हणून पडून राहायची. त्या गप्पा कानडीत, अक्काशी बोलणं मराठीत, आणि शनिवार-रविवारी अक्काच्या हुकमावरून इंग्रजीत. तिन्ही भाषा एकाच अंगणात वाळत घातलेल्या. गंगव्वांच्या कडक भाकऱ्या, त्यावर घट्ट दही आणि शेंगांची चटणी, कधी तेलात निथळणारी भरली वांगी, ज्यांना त्या एण्णगाई म्हणायच्या. अक्काला स्वयंपाकाचा फार उत्साह नव्हता. भात आणि आमटी एवढं ती नेटकं करायची; बाकी गंगव्वांच्या कृपेनं चालायचं. शनिवारी मात्र ती सुभाष रोडवरून येताना चुरमुरे आणि गरम मिरची भजी आणायची, आणि आम्ही दोघी पायरीवर बसून खायचो.

अक्का उंच, सडपातळ, केसांचा घट्ट आंबाडा, पांढऱ्या साडीला बारीक किनार. बोलणं थोडं आणि तोललेलं. शाळेतल्या मुली तिला घाबरायच्या. मीही घाबरायची, पहिले काही महिने. इंग्रजीतलं वाक्य चुकलं की तिला शारीरिक त्रास व्हायचा असं मला वाटायचं. ती डोळे मिटून घ्यायची. आजोबा गेले तेव्हा ती नुकतीच बी.ए. झाली होती आणि अण्णा अजून शाळेत होते. तिनं लगेच नोकरी धरली, अण्णांना शिकवलं, दुकान चालू राहील असं पाहिलं, त्यांचं लग्न लावून दिलं. तिच्या स्वतःच्या लग्नाचा विषय आमच्या घरात कधी बंद झाला ते कुणालाच सांगता आलं नसतं. तो बंद झालाय हेसुद्धा कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

माझ्या निबंधांत मी जिथे तिथे ई.जी. लिहायची. कॉलेजातल्या पुस्तकांत ते दिसायचं आणि मला ते फार भारदस्त वाटायचं. 'माय फादर हॅज वन शॉप, ई.जी. व्हेसल्स' असं मी लिहिलेलं अक्कानं वाचलं आणि डोळे मिटले. मग उठून चुरमुऱ्यांचा डबा आणला. एक मूठ काढून ताटलीत ठेवली आणि म्हणाली, "हे ई.जी. उदाहरणार्थ. मूठभर दाखवलं, डब्यात अजून आहे हे ऐकणाऱ्याला कळलं पाहिजे. तुझ्या वडिलांची आणखी दुकानं आहेत काय?" मी नाही म्हटलं. तिनं सगळा डबाच ताटलीत उपडा केला. चुरमुरे जमिनीभर झाले. "आणि हे आय.ई. 'म्हणजेच'. जे आहे ते सगळं हेच. आता डब्यात हात घाल, काही लागतंय काय बघ." मी खरोखरच हात घालून पाहिला. मग आम्ही दोघींनी जमिनीवरचे चुरमुरे वेचले, आणि त्या दिवशी मी अक्काला पहिल्यांदा मोठ्यानं हसताना पाहिलं. 'इड एस्ट' आणि 'एक्झेम्प्ली ग्राशिया' हे त्यांचे मूळचे लॅटिन शब्द तिनं मला तेव्हाच पाठ करायला लावले. आता माझी नात मोबाईलवर मला काही लिहिते त्यात हे दोन्ही बिनदिक्कत एकमेकांच्या जागी येतात, आणि मीही डोळे मिटून घेते, घराण्याची सवय.

बडिगेर सर आमच्याकडे आले ते याच ई.जी.मुळे. ते शेतकी कॉलेजात शिकवायचे आणि ज्वारीच्या कणसांवर पडणाऱ्या काणी रोगावर प्रबंध लिहीत होते. काम पक्कं होतं, इंग्रजी कच्चं. त्यांच्या मार्गदर्शकांनी सगळा गठ्ठा परत केला होता, कारण पहिल्याच पानावर त्यांनी लिहिलं होतं की या प्रबंधात एका धान्याचा अभ्यास केला आहे, ई.जी. ज्वारी. मार्गदर्शकांनी समासात विचारलं होतं, बाकीची धान्यं कुठे आहेत? त्यांच्या सहकाऱ्याची मुलगी अक्काच्या वर्गात होती. तिच्या घरून त्यांना अक्काचं नाव कळलं आणि एका शनिवारी दुपारी ते दारात उभे राहिले. ठेंगणे, गव्हाळ, कानशिलावर पांढरे केस, चपला अंगणातच काढलेल्या. हातात तो गठ्ठा नव्या बाळासारखा धरलेला. "अक्कोरु," त्यांनी हाक मारली. आमच्या भागात शिक्षिकेला आदरानं अक्कोरु म्हणतात.

अक्कानं त्यांना पुढच्या खोलीत बसवलं, दार सताड उघडं ठेवलं आणि मला शेजारीच अभ्यासाला बसायला सांगितलं. "घरी कोण कोण असतं?" तिनं रीतीप्रमाणे कानडीत विचारलं. बडिगेर सरांना वाटलं परीक्षा सुरू झाली. ते सरळ होऊन बसले आणि इंग्रजीत म्हणाले, "इन धारवाड आय हॅव नोबडी, ई.जी. वाइफ." मला हसू आवरेना. मी पुस्तकात तोंड घातलं. अक्कानं माझ्याकडे असं पाहिलं की हसू जागच्या जागी वाळलं. "वाइफ गावाकडे असतात काय?" तिनं विचारलं. "इल्लरी," नाही, ते हळू म्हणाले. "वारली. बरीच वर्षं झाली."  अक्कानं लाल पेन्सिल हातात घेतली आणि पहिलं पान पुढे ओढलं.

ते दर शनिवारी येऊ लागले. अक्कानं त्यांनाही चुरमुऱ्यांचा डबा दाखवला, फक्त जमिनीवर उपडा केला नाही. त्यांना समजायला वेळ लागला, पण समजल्यावर त्यांनी ते असं धरून ठेवलं की दुसऱ्यांच्या लिहिण्यातल्या चुका ते तिला दाखवायला आणायचे. "बघा अक्कोरु, या मोठ्या प्राध्यापकांनी इथे ई.जी. लिहिलंय. आय.ई. पाहिजे की नको?" अक्का गंभीरपणे पाहायची आणि म्हणायची, "पाहिजे." मग दोघांच्या चेहऱ्यावर एकच समाधान. मला वाटायचं, माणसं एवढ्याशा गोष्टीवरून सुखी होऊ शकतात! हळूहळू इंग्रजीच्या मधल्या फटींतून बाकीचं बोलणं यायला लागलं. त्यांच्या गावची काळी जमीन, त्यांचे सुतारकाम करणारे वडील, बायकोच्या आजारपणात त्यांनी शिकलेला स्वयंपाक. एकदा ते स्वतः केलेल्या झुणक्याचं भांडं घेऊन आले. गंगव्वांनी चाखून पाहिलं आणि भिंतीपलीकडून जाहीर केलं की या माणसाच्या हाताला चव आहे. अक्का आता शनिवारी सकाळी साडीला इस्त्री करायची. आधी ती रविवारी करायची.

प्रबंध संपत आला. टंकलेखकाकडे द्यायचं एकच पान उरलं होतं, ऋणनिर्देशाचं. त्या शनिवारी मी स्वयंपाकघरात खलबत्त्यात लसूण आणि शेंगदाणे कुटत होते. बाहेरून पानाचा आवाज आला, आणि मग अक्काचा, जो मी घरात कधी ऐकला नव्हता.

"हे काय लिहिलंय बडिगेर सर?"

मी कुटायची थांबले. दारातून दिसत होतं. अक्कानं पान लांब धरलं होतं. पुढे ते पान मी इतक्या वेळा पाहिलं की मला ते पाठ आहे. त्याचा अर्थ असा: ज्यांच्यामुळे माझ्या कामात आणि माझ्या दिवसांत उजेड आला त्यांचा मी ऋणी आहे, ई.जी. मिस इंदुमती. इंदुमती हे अक्काचं नाव. ते तिच्या पगाराच्या कागदावर सोडून कुठे वापरलं जात नसे.

"इतके महिने शिकवलं ते सगळं वाया गेलं म्हणायचं," अक्का म्हणाली. आवाज कडक होता, पण कडकपणाच्या खाली तिला काहीतरी लागलं होतं हे मला तेव्हाही कळलं. "उदाहरणार्थ मी? आणखी कोण कोण आहेत त्यात?"

बडिगेर सर जमिनीकडे बघत होते. "कोणी नाही," ते कानडीत म्हणाले.

"मग आय.ई. पाहिजे, हे तुम्हाला माहीत नाही?"

"माहीत आहे, अक्कोरु."

"मग?"

"आय.ई. म्हणजे डबा पूर्ण उपडा," ते म्हणाले. "तुम्हाला न विचारता ते लिहायचा मला हक्क नाही असं वाटलं. म्हणून ई.जी. लिहिलं. चूक मला ठाऊक होती. तुम्हाला वाटलं तर तुम्ही दुरुस्त कराल. नाही वाटलं तर चूक तशीच राहील. कोणाला काही कळणार नाही."

पलीकडे गंगव्वांच्या कोंबड्या कॉक-कॉक करत होत्या. अक्कानं लाल पेन्सिल उचलली, टोक पाहिलं आणि परत ठेवली. "पान ठेवून जा," ती म्हणाली. "मी बघते." बडिगेर सर उठले, चपला घालायच्या विसरून फाटकापर्यंत गेले, परत आले, चपला घातल्या आणि गेले. अक्का स्वयंपाकघरात आली, माझ्या हातातला बत्ता घेतला आणि उरलेली चटणी स्वतःच कुटली. इतकी की तिचा लगदा झाला.

ते पान आठवडाभर टेबलावर होतं, वर शाईची दौत ठेवलेली. मी कॉलेजातून आले की आधी तिकडे बघायची. सोमवारी लाल खूण नाही. मंगळवारी नाही. अक्का नेहमीसारखी वह्या तपासायची, नेहमीसारखी बोलायची, फक्त आमटीत दोनदा मीठ पडलं आणि तिला ते जाणवलं नाही. शुक्रवारी संध्याकाळी मी आले तेव्हा ती पायरीवर बसून केस विंचरत होती, जे ती बाहेर बसून कधी करत नसे. टेबलावरच्या पानावर ई.जी.वर एक सरळ लाल रेघ होती आणि वर तिच्या उभट अक्षरात आय.ई., दोन्ही टिंबांसकट, पुढे स्वल्पविराम. मी बाहेर येऊन तिच्या शेजारी बसले. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "स्वल्पविराम ते नेहमी विसरतात." मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं. तिनं ते तिथे राहू दिलं.

दुसऱ्या दिवसापासून बडिगेर सरांची एक पंचाईत झाली. आता अक्कोरु म्हणणं बरं दिसेना, कारण त्यात अक्का, म्हणजे थोरली बहीण, आहे, आणि नाव घ्यायला जीभ उचलेना. ते दारात उभे राहून नुसतं खोकायचे. पण खरी अडचण वेगळीच निघाली. त्यांची बदली विजापूरकडच्या एका ज्वारी संशोधन केंद्रावर झाली होती. लग्न करायचं तर अक्कालाही तिकडे जावं लागणार, या खोल्या सोडाव्या लागणार. अक्कानं मला समोर बसवून सगळं सरळ सांगितलं. "मी त्यांना सांगितलंय, तुझं बी.ए. झाल्याशिवाय नाही. तुझ्या वडिलांनी तुला माझ्या भरवशावर ठेवलंय. मी गेले तर ते तुला घरी बसवतील, आणि घरी बसवली की लग्न. ते होऊ द्यायचं नाही मला."

"सर काय म्हणाले?"

"थांबतो म्हणाले." ती जराशी हसली. "ते थांबतील. माझ्याच वयाचा भरवसा नाही."

ती हे सहज बोलली, पण मला झोंबलं. सगळ्यांचं शिक्षण, सगळ्यांची लग्नं झाल्यावर आता पुन्हा एकदा ती कुणाचं तरी काहीतरी होण्याची वाट बघणार होती, आणि तो कुणीतरी मी होते. मला त्या दोन खोल्या फार आवडत होत्या. भिंतीपलीकडची भाकरी, पायरीवरचे चुरमुरे, अक्काची डोळे मिटायची सवय, सगळं. पण तिच्या पानावरची ती लाल रेघ मला जास्त आवडली होती. सोमवारी मी कॉलेजला म्हणून निघाले आणि हुबळीची बस धरली. एकटीनं बसमध्ये बसायची ती माझी पहिली वेळ. वाटेतल्या नवलूरपर्यंत मी पिशवी छातीशी घट्ट धरली होती. पुढे शेजारच्या म्हातारीनं मला पेरू खायला दिला आणि भीती ओसरली.

अण्णा दुकानात गल्ल्याशेजारी बसून एका नव्या पातेल्यावर नाव घालत होते. आमच्याकडे भांडं विकलं की त्यावर घेणाऱ्याचं नाव कोरून द्यायची पद्धत; हातातलं छोटं यंत्र घर्र करत स्टीलवर फिरायचं. मला पाहून ते दचकले. "काय झालं? अक्का बरी आहे ना?"

"बरी आहे. लग्न करणार आहे," मी म्हणाले. वाटेत जुळवलेलं सगळं बोलणं विसरून हेच तोंडातून आलं.

यंत्र थांबलं. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. सर कोण, काय करतात, विजापूर, माझ्या बी.ए.साठी थांबणं. अण्णांचा चेहरा लाल होत गेला. "या वयात? बडिगेर म्हणजे कानडी, सुतार. बाजारात मी काय सांगू लोकांना? आणि हे सांगायला तुला पाठवलं तिनं?"

"तिला माहीत नाही मी आलेय."

"कशानं आलीस?"

"बसनं."

त्यांनी यंत्र खाली ठेवलं. मी ती संधी धरली. "अण्णा, मी रोज बसनं जाईन. हुबळीहून. मला जमतं. मग अक्काला थांबायला नको."

"बसनं जाणार नाहीस," ते म्हणाले आणि यंत्र पुन्हा सुरू केलं. घर्र आवाजात बोलणं शक्य नव्हतं. ते नाव घालत राहिले, मी उभी राहिले. आवाज थांबला तेव्हा पाहिलं तर गिऱ्हाइकाच्या आडनावाचं शेवटचं अक्षर वाकडं पडलं होतं. अण्णांच्या हातून असं कधी होत नसे. ते अंगठ्यानं ते अक्षर पुसत बसले, कोरलेलं पुसता येतं का बघत असल्यासारखे.

"मी सातवीत असताना तिच्यासाठी एक स्थळ आलं होतं," ते हळूच म्हणाले. "चांगलं होतं. ती म्हणाली, भाऊ लहान आहे. मी तिथेच उभा होतो की. मला बरं वाटलं होतं, अक्का कुठे जात नाही म्हणून." जरा वेळानं म्हणाले, "त्यानंतर तिला कोणी विचारलंच नाही गं. मी मोठा झाल्यावरसुद्धा नाही." मग पातेलं बाजूला ठेवून त्यांनी मला घरी पाठवलं, "जा, जेवून घे आधी," एवढंच म्हणून.

पुढच्या रविवारी ते मळमड्डीत आले. अक्काला मी काही सांगितलं नव्हतं. दारात भाऊ पाहून ती सगळं समजली आणि माझ्याकडे तिनं असा कटाक्ष टाकला की मी गंगव्वांच्या स्वयंपाकघरात पळाले. तिथून ऐकू येत होतंच. "तू कशाला धावत आलास?" अक्का म्हणाली. "मी थांबणार आहे, सांगितलंय मी त्यांना." अण्णा म्हणाले, "थांबायचं नाही."  मग अक्काचं नाक ओढणं, जे मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. गंगव्वांनी भाकरी थापायची थांबवली आणि पदरानं डोळे टिपले, तव्यावरची भाकरी जळेपर्यंत.

दुपारी बडिगेर सर आले, खोकले. अण्णा उठून उभे राहिले. दोघे समोरासमोर. बाजारात अण्णांची कानडी सरांच्या कानडीहूनही फर्डी चालायची, पण तेव्हा ती अडखळली. "बर्री, कूडरी," या, बसा, म्हणाले आणि स्वतः उभेच राहिले. मग म्हणाले, "ती मला नुसती अक्का नाही. तायि इद्दंग्री." आईसारखी. बडिगेर सरांनी मान हलवली. "हौद्री. मला माहीत आहे. त्यांनीच सांगितलं. सगळ्यांत जास्त तुमच्याबद्दलच बोलतात." अण्णांनी तोंड फिरवलं आणि भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले.

लग्न कचेरीत सही करून झालं आणि जेवण गंगव्वांच्या अंगणात. होळग्या, म्हणजे पुरणपोळ्या, कटाची आमटी, केळीच्या पानांवर तुपाची धार. अण्णांनी एक मोठी तांब्याची घागर आणली होती. लग्नात द्यायच्या भांड्यावर ते नेहमी देणाऱ्याघेणाऱ्याची सगळी नावं आणि तारीख घालायचे. या घागरीवर एकच शब्द होता, अक्का. पंगतीत वाढताना ते बडिगेर सरांच्या पानापुढे आले, वाकले आणि म्हणाले, "आणखी एक घ्या की, दाजी." मोठ्या बहिणीच्या नवऱ्याला आमच्याकडे दाजी म्हणतात. अण्णांना तो शब्द वापरायला आयुष्यात कुणी मिळालंच नव्हतं. सरांनी होळगी घेतली. पोट भरलेलं होतं तरी घेतली. अक्का शेजारच्या पानावर खाली मान घालून बसली होती, आणि तिच्या कानात मी पहिल्यांदाच पाहिलेले मोत्याचे टॉप्स हलत होते.

विजापूरला तिला शाळा मिळाली. उन्हाळ्यात मी तिच्याकडे जायची. तिकडच्या उन्हात ती काळवंडली होती आणि थोडी जाडही झाली होती. स्वयंपाक दाजी करायचे. ती ज्वारीच्या शेतांवरचे त्यांचे निबंध तपासत असायची आणि ते तिला हाक मारायचे, "इंदू". इतकी साधी, दोन अक्षरी हाक, पण ती ऐकून तिचं वळून बघणं मला आजही कुणाला नीट सांगता येणार नाही. त्यांना एकत्र बरीच वर्षं मिळाली. दोघं आता नाहीत.

पण मला सांगायचंय ते त्या वर्षीच्या माझ्या बसच्या पहिल्या सकाळीबद्दल. अक्का विजापूरला गेल्यावर मी हुबळीहून कॉलेजला जायला निघाले. आईनं डबा दिला. अण्णा दुकानाच्या किल्ल्या घेऊन माझ्याआधीच घराबाहेर पडले. मी बसमध्ये चढले, बायकांच्या जागी बसले आणि पाहते तर दोन आसनं पुढे अण्णा. मागे वळून बघत नव्हते. धारवाडला मी उतरले, तेही उतरले, लांबून माझ्यामागे कॉलेजच्या फाटकापर्यंत आले आणि परत फिरले. दुसऱ्या दिवशी तेच. त्यांचं दुकान उशिरा उघडायला लागलं, बाजारात लोक विचारायला लागले. ते कुणालाच काही सांगत नव्हते, आणि मीही विचारलं नाही. मग एके दिवशी बस सुटायच्या आधी ते उठले. कंडक्टरजवळ गेले, माझ्याकडे बोट दाखवून कानडीत म्हणाले, "आमची मुलगी आहे. कॉलेजला जाते." आणि उतरले. बस निघाली तेव्हा ते खाली फुटपाथवर उभे होते, किल्ल्यांचा जुडगा हातात, खिडक्यांतून मला शोधत. मी हात हलवला. त्यांनी मला पाहिलं, मान हलवली आणि दुकानाच्या दिशेनं चालू लागले. मी पुस्तक उघडलं.